प्यादं आधी की हत्ती आधी

मामा, तू गेलास त्याला आज सात आठवडे झाले. या दिवसांत लोकांनी तुझ्याविषयी मला खूप काही सांगितलं. मिस्त्री फार शांत माणूस होता, असं एकाने सांगितलं तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, कोण शांत? चाळीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात लूमचा मिस्त्री म्हणून उभं राहून ज्याचे कान निम्मे गेले, तो माणूस शांत कसा असेल? तुला कुजबुजता यायचंच नाही. भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मी कुणाच्या आधार कार्डाची कॉपी काढत असायचे आणि काउंटरच्या पलीकडे पट मांडून बसलेला तू ओरडायचास, "विद्या, तुझा वजीर मरतोय!" गिऱ्हाईक दचकून आधी रस्त्याकडे बघायचं, कुणाला रिक्षाने उडवलं की काय म्हणून.

तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. ते बोलतीलच. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि त्यातलं निम्मं तरी भांडण आहे.

मी नऊ वर्षांची होते. बाबा गेले आणि आई मला घेऊन तुझ्या निजामपुऱ्यातल्या खोलीवर राहायला आली. तू पहिली शिफ्ट संपवून यायचास तेव्हा तुझ्या भुवयांवर कापसाची पांढरी भुरभुर असायची. अंघोळ करून तू पट काढायचास. एक काळा हत्ती कधीचा हरवलेला, त्याच्या जागी तू लूमवरची मोडकी कांडी उभी करायचास. बाणा, म्हणजे कापडातला आडवा धागा, गुंडाळायची ती लाकडी कांडी हत्तीपेक्षा दुप्पट उंच होती. मला वाटायचं, बुद्धिबळात एक हत्ती असा लांबच असतो.

सोंगट्या कशा चालतात ते तू मला एका दुपारी शिकवलंस. त्यानंतर वर्षभर एकच गोष्ट शिकवलीस. मी सोंगटीकडे हात नेला की तू म्हणायचास, "ह्याच्या आधी?"

"ह्याच्या आधी काय?"

"घोडा तिथे जायचाय, मान्य. आत्ताच जायचाय का? त्याच्या आधी काही करायचं राहिलंय का, ते बघ."

मला राग यायचा. मला घोडा न्यायचा असायचा आणि तू मला वाट बघायला लावायचास. मी हरले की तू डाव पुन्हा मांडायचास, माझ्याच चाली, फक्त क्रम बदलून, आणि तोच डाव मी जिंकत असायचे. "तुझ्या सगळ्या चाली बरोबर आहेत," तू म्हणायचास, "नंबर चुकलेत." लूम लावतानाही तू असंच करत असशील, असं मला तेव्हा वाटायचं. पण तू कधी लूमचं उदाहरण दिलं नाहीस. घरी आल्यावर लूमचं नाव काढलेलं तुला आवडायचंच नाही.

ठाण्याची ती शालेय स्पर्धा आठवते? मी सोळा वर्षांची, शेवटची फेरी, आणि मी जिंकत होते. पटाच्या मध्यावर समोरच्या मुलीचं एक प्यादं फुकट पडलेलं. पण माझा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे कोंडलेला होता, आणि त्याच्या ओळीवर राखण करायला कुणी नव्हतं. त्या तिघांतलं एक प्यादं एक घर पुढे सरकवायचं, राजाला पळायला जागा करायची, मग मधलं प्यादं खायचं. मला दोन्ही दिसत होतं. मी आधी प्यादं खाल्लं. तिचा हत्ती सरळ खाली शेवटच्या ओळीवर आला आणि मात झाली.

तू दोरीच्या मागे उभा होतास. आवाज खाली ठेवायचा तू प्रयत्न केलास, हे मला आज कळतं. पण अख्ख्या हॉलने ऐकलं, "अगं, प्यादं कुठे पळून जात होतं का?"

सगळे हसले. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तू शाळा सुटायच्या वेळी घरी आलास, पट काढलास, तोच डाव मांडलास आणि समोर गप्प बसलास. मी राजाला आधी जागा केली. मग प्यादं खाल्लं. तू म्हणालास, "आता जेव." बस्स. माफी तू मागितली नाहीस आणि मीही नाही. आपल्या घरात मागायची पद्धत नव्हती.

त्याची परतफेड मला वीस-एक वर्षांनी करता आली. तेव्हा तू साठीच्या जवळ आला होतास, आणि समाजमंदिराच्या हॉलमध्ये लूम कामगारांची स्पर्धा होती. अंतिम डाव तुझा आणि सलीमभाईचा. सलीमभाई तुझ्याच कारखान्यात विणकर, मूळचा यूपीचा, दाढी रंगवणारा, आणि पटावर सशासारखा. कुठून पळेल सांगता यायचं नाही. डाव शेवटाला आला तेव्हा दोघांकडे राजा, एकेक हत्ती आणि उजव्या बाजूला तीन-तीन प्यादी उरली होती. पण तुझ्याकडे एक प्यादं जास्तीचं होतं, डाव्या कडेला, पट अर्धा ओलांडून गेलेलं, समोर कुणी नसलेलं. ते शेवटच्या घरात पोचलं की वजीर. चाल तुझी होती.

तू ते प्यादं लगेच पुढे ढकललंस. सलीमभाईचा हत्ती त्याच्या पाठीमागे येऊन बसला, तुझ्या हत्तीला प्याद्यासमोर अडकून राहावं लागलं, आणि डाव बरोबरीत सुटला. पुढच्या निर्णायक डावात तू हरलास. बक्षिसाची ढाल सलीमभाई घेऊन गेला.

घरी येताना रिक्षातच मी सुरू केलं. "मामा, आधी शह द्यायचा. राजाला कोपऱ्यात लोटायचं आणि मग प्यादं पुढे."

"शह दिला की त्याचा राजा मोकळा होतो. मधे येतो. मग प्यादं घेतो."

"नाही येत."

"येतो."

रिक्षावाला म्हणाला, "काका, आस्ते." त्याला वाटलं आपलं घरचं काही बिनसलंय.

मामा, ती रिक्षा अकरा वर्षं चालली. दुकानाच्या काउंटरवर आपण तो डाव मांडून ठेवला आणि उचललाच नाही. प्यादं आधी, हे तुझं म्हणणं. शह आधी, हे माझं. रेशन कार्डाचा फॉर्म भरायला आलेली माणसं त्यावर पिशवी ठेवायची, आपण पुन्हा सोंगट्या जागेवर लावायचो. मी कितीदा म्हटलं, मोबाइलला विचारू, दोन मिनिटांत सांगेल. तू गरजलास, "मोबाइलला विचारलंस तर पट घेऊन जाईन. डाव माझा आहे, मी खेळलोय, मोबाइल नाही." मी तुझं ऐकलं. माझ्या मोबाइलमध्ये जगातल्या कुठल्याही खेळाडूला हरवणारा प्रोग्रॅम आहे, आणि अकरा वर्षांत मी त्याला हा एक डाव दाखवला नाही. याबद्दल मला तुझ्याकडून शाबासकी हवी होती. तू ती दिली नाहीस, कारण मी तुझं ऐकेन यात तुला काही विशेष वाटत नव्हतं.

मग तुझे गुडघे दुखायला लागले आणि तू अकलोलीला जायला लागलास. एका रविवाराआड, सकाळची एसटी, गरम पाण्याच्या कुंडात तासभर पाय सोडून बसायचं, मग बाहेरच्या टपरीवर चहा आणि खिशातला छोटा पट. तिथे तुला जनी भेटली.

तू हे मला ज्या उत्साहात सांगितलंस, तो मला तेव्हा आवडला नव्हता, हे आज कबूल करते. कुंडांशेजारच्या एका लॉजवर झाडलोट करणारी, जवळच्या आदिवासी पाड्यावरची, चौथीपर्यंत शिकलेली, चौतीस-पस्तीस वर्षांची बाई. टपरीवर पाणी भरायला यायची आणि तुझ्या पटाकडे बघत उभी राहायची. तीन खेपा नुसतं बघून चौथ्या खेपेला म्हणाली, "बाबा, ह्यो घोरा मेला ना तुमचा."

तू पाहिलंस तर घोडा खरोखर मेला होता. दोन चालींनंतर मरणार होता आणि तुला ते दिसलं नव्हतं.

"तिला कुणी शिकवलं नाही गं," तू घरी येऊन आईला आणि मला सांगत होतास, शेजारच्या चार खोल्यांना ऐकू जाईल असं. "नुसतं बघून शिकली. सोंगट्यांची नावंसुद्धा तिने मनानेच ठेवली होती. उंटाला तिरपा म्हणते."

मी म्हटलं, "बरं." इतकंच. मला तू तीस वर्षं शिकवलंस, आणि ही नुसती बघून शिकली म्हणे. वर्षभर तू तिच्याबद्दल बोलत राहिलास आणि वर्षभर मी "बरं" म्हणत राहिले. तू दोनदा विचारलंस, येतेस का एकदा अकलोलीला. मला दुकान होतं.

यंदा होळीनंतर तुला जिना चढताना धाप लागायला लागली. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, सोमवारी भरती व्हा, बुधवारी ऑपरेशन. तू मान हलवलीस. बाहेर आल्यावर मला विचारलंस, "काय म्हणाले?" मी पुन्हा सांगितलं. तू म्हणालास, "सोमवार ना? ठीक आहे."

शनिवारी दुपारी दुकानात तू म्हणालास, "उद्या अकलोलीला जाऊन येतो."

मी हातातलं काम ठेवलं. "मामा, आधी दवाखाना. अकलोली कुठे पळून जात नाही."

तुझंच वाक्य तुला परत दिलं होतं, आणि ते तुला लगेच कळलं. तू हसलास. "अकलोली नाही पळत. मी पळालो तर?"

"असलं काही बोलायचं नाही."

"एकच रविवार आहे मधे. माझं तिथे काम आहे."

"काय काम?"

"आहे."

"डॉक्टर म्हणाले जिना चढू नका. आणि तुला एसटीने हलत-डुलत जायचंय."

"एसटीत जिना नसतो," तू म्हणालास. काउंटरवर उभी असलेली बाई हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "जा. पण माझ्याशी बोलू नकोस."

रविवारी सकाळी तू दारातून "येतो गं" म्हणालास. मी आत भांडी घासत होते. उत्तर दिलं नाही. तुझे कान असे, की दिलं असतं तरी तुला ऐकू आलं नसतं, ही पळवाट मी नंतर पुष्कळदा काढून बघितली. ती चालत नाही. मला माहितेय मी उत्तर दिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत अंबाडी गावाच्या पुढे कुठेतरी तू खिडकीला डोकं टेकलंस. भिवंडी स्टँडवर सगळे उतरले आणि तू उतरला नाहीस. कंडक्टरने खांद्याला हात लावला तेव्हा तू गेलेला होतास. खिशातल्या डायरीत माझ्या दुकानाचा नंबर होता. चार वाजले होते. फोन आला तेव्हा मी एका मुलाचा शाळेचा दाखला स्कॅन करत होते, आणि मी तो स्कॅन पूर्ण केला. का ते मला सांगता येणार नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी समाजमंदिर भरलं होतं. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, बौद्धाचार्य तुझ्याबद्दल चार शब्द बोलले. जेवणाच्या पंगती सुरू असताना दारात एक सडपातळ बाई उभी दिसली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. ती कोण, हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्यासाठी तू त्या दिवशी गेलास, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तोंड फिरवून पाण्याचे जग भरायला लागले.

आईने तिला आत घेतलं, जेवायला बसवलं. तुझी बातमी तिला अकलोलीच्या एसटीच्या कंडक्टरकडून कळली होती. जेवून झाल्यावर ती स्वतःच माझ्याकडे आली.

"तुमी विद्याताय ना?"

"हो."

"मना मिस्त्रीबाबांनी एक काम सांगितलेलं. ते सांगायला आलू."

"काय काम?"

तिने पिशवीतून तुझा खिशातला पट काढला. तो तू तिच्यापाशीच ठेवून आला होतास. आमच्या दोघींच्या मधे सतरंजीवर तिने तो उघडला आणि सोंगट्या लावल्या. तो आपला डाव होता, मामा. तुझा आणि सलीमभाईचा. एकेक प्यादं जागच्या जागी.

"बाबा म्हनलं, माजी भाची बोलते आधी शह. मी बोलतो आधी ह्यो प्यादा. अकरा वर्सं झाली. तू बघ जरा. पंधरा दिवस मी बघत होतू. झारू मारताना पन हेच डोक्यात." तिने पटावर बोट टेकवलं. "तुमचं पन न्हाय, त्यांचं पन न्हाय."

"म्हणजे?"

तिने हत्ती उचलला आणि मागे नेला. पार तळाशी, त्या कडेच्या प्याद्याच्या पाठीमागे.

मी लगेच म्हटलं, "असं नाही करता येत. हत्ती तिथून हलला की उजवीकडचं प्यादं मरतं."

"मरू द्या ना त्याला," जनी म्हणाली.

मामा, अकरा वर्षं. हत्ती आपल्या धावत्या प्याद्याच्या पाठीमागे असावा, हे तूच मला शिकवलेलं. दोघांनाही ते पाठ होतं. पण उजवीकडचं ते एक प्यादं त्या हत्तीच्या भरवशावर उभं होतं, ते गमवायचं आपल्या मनातच आलं नाही, म्हणून ती चाल आपण मोजलीसुद्धा नाही. तू प्यादं आधी म्हणत राहिलास, मी शह आधी म्हणत राहिले, आणि दोन्हीच्या आधी करायची गोष्ट तिथेच पडली होती.

तरी मी सहज ऐकणारी नाही. सलीमभाई एका खांबाला टेकून सुपारी कातरत बसला होता. मी त्याला हाक मारली. त्याने पट बघितला आणि त्याचा चेहरा बदलला.

"ये तो मेरा गेम है."

"हो. तुम्ही काळे घ्या. ही पांढरे घेईल."

"यहाँ? अभी?" त्याने आईकडे बघितलं.

आईने हॉलभर नजर फिरवली. "जेवणं झाली ना सगळ्यांची? मग मांडा."

जनीने हत्ती मागे घेतला. सलीमभाईने उजवीकडचं प्यादं खाल्लं, त्याला दुसरं काही बरं दिसतच नव्हतं. तेवढ्यात कडेचं प्यादं सुटलं. एक घर, आणखी एक घर. सलीमभाईचा हत्ती धावत परत आला, पण आता त्याला प्याद्याच्या समोर उभं राहावं लागलं, दारात अडकलेल्या कपाटासारखं, ना आत ना बाहेर. मग जनीने आपला राजा सावकाश चालवत आणला. माणसं भोवती गोळा झाली होती. सलीमभाईने दाढीवरून हात फिरवला आणि राजा आडवा केला.

"मिस्त्री ये चलता तो ढाल उसके घर जाती," तो म्हणाला. "उस दिन मैं यही सोच रहा था, अल्ला करे इसका हाथ हाथी पे न जाए."

मी विचारलं, "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"मालूम था."

"मग अकरा वर्षांत सांगितलं का नाही? आम्ही रोज भांडत होतो."

"किसी ने पूछा?" सलीमभाई म्हणाला. "मामा-भांजी का मामला. मैं बीच में क्यों पडूं?"

मला हसू आलं. तू गेल्यापासूनचं पहिलं, आणि तुझ्याच पुण्यानुमोदनात, चारचौघांत, मोठ्याने. हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. जनी माझ्या शेजारी तशीच बसून राहिली, सोंगट्या एकेक करून डबीत भरत.

मग मी तिला विचारलं, जे मला ती आल्यापासून विचारायचं नव्हतं. त्या रविवारी काय झालं?

तिने सांगितलं. तू आलास, पण कुंडात उतरला नाहीस. टपरीवर बसलास. तिने तुला हत्तीची चाल दाखवली. तू आधी नाही म्हणालास, मग दोनदा खेळून बघितलंस, आणि मग एवढा हसलास की टपरीवाला पाणी घेऊन धावला. तू म्हणालास, "विद्याला उद्या सांगतो. दवाखान्यात भरती होताना. ती माझ्यावर चिडलीय. हे बघितलं की चिडायचं विसरेल." मग तू तिला एक फॉर्म दिलास, कल्याणच्या महिलांच्या खुल्या स्पर्धेचा. माझ्याच दुकानातून नेला होतास, मला न विचारता. म्हणालास, "उद्यापासून माझं काही सांगता येत नाही. म्हणून हे आज." आणि दोनच्या एसटीने निघालास.

हेच तुझं काम होतं.

मामा, आता माझं ऐक. मी डॉक्टरांना विचारलं, शनिवारीच भरती केलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित. कदाचित नाही. मी त्यांच्याकडून पुढे काही काढायचा प्रयत्न केला नाही. माझं मत मला आहे. आधी दवाखाना, मग अकलोली. ऑपरेशन झालं असतं, तू दीड महिन्याने धडधाकट एसटीत बसला असतास, जनी तिथेच असती, डाव तिथेच असता. त्या दिवशी तुझा नंबर चुकला. तू समोर असतास तर ओरडला असतास, टेबलावर हात आपटला असतास. ओरड. मी माझं म्हणणं बदलणार नाही.

पण ज्या कामासाठी गेलास ते खरं होतं. हेही मी बदलणार नाही. मला वाटलं होतं तू हट्टाने, गरम पाण्यासाठी आणि गप्पांसाठी गेलास. तू माझ्यासाठी उत्तर आणायला गेला होतास, आणि एका बाईला तिच्या पाड्याच्या बाहेरचा रस्ता दाखवायला. आणि तुला बरोबर माहीत होतं, की तू नाही सांगितलंस तर ती येऊन सांगेल. तिला तसं सांगूनच निघाला होतास.

तुला न सांगितलेलं एक राहिलं. पटावर मला जे येतं ते तुझ्याकडून आलं, हे सगळ्यांना माहितेय. पण समोरच्याला काय हवंय ते बघून मग आपली चाल ठरवायची, हे मी दुकानात रोज करते. कुणी विधवा बाई पेन्शनच्या फॉर्मसाठी येते, कागद उलटसुलट असतात, रडायला आलेली असते. मी आधी तिला बसवते, पाणी देते, मग सांगते कुठला दाखला पहिला काढायचा, कुठला दुसरा. लोक म्हणतात विद्याताईंकडे काम होतं. हे मला कुणी शिकवलं ते मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणायचं असतं हेच माहीत नव्हतं.

त्यानंतरचे तीन रविवार मी अकलोलीला गेले. जनीला घड्याळ लावून खेळायची सवय नव्हती. चाल केली की बटण दाबायचं, हे ती विसरायची. चाली लिहून ठेवाव्या लागतात, तेही तिला नवीन. टपरीवर बसून मी तिला पटावरच्या घरांची नावं लिहायला शिकवली. ती एका दुपारी शिकली. तू म्हणायचास ते खरं होतं, आणि मला त्याचा हेवा वाटला, पण फार नाही.

गेल्या रविवारी आम्ही कल्याणला गेलो. नोंदणीच्या टेबलावर एक तरुण फॉर्म तपासत होता. प्रशिक्षक या रकान्यात मी तुझं पूर्ण नाव लिहिलं होतं.

"सर आलेत का सोबत?" त्याने विचारलं.

मी काही बोलायच्या आत जनी म्हणाली, "न्हाय. ते शिकवून गेलं."

त्याने मान हलवली आणि शिक्का मारला.

पाच फेऱ्या होत्या. पहिली ती घड्याळावर हरली. डाव चांगला होता, पण दोनदा बटण दाबायचं विसरली आणि वेळ संपली. समोरची कॉलेजची मुलगी बिचारी स्वतःच ओशाळली. दुसरी ती सरळ हरली, तिच्यापेक्षा चांगल्या खेळाडूकडून. दुपारी आम्ही जेवायला बसलो. मला वाटलं, आता म्हणेल घरी जाऊ. ती म्हणाली, "ताय, त्या दुसरीनं उंट आधी का काढला? सांगते का मना?" मी सांगितलं. तिने भाकरी हातात धरून ऐकलं.

तिसरी बरोबरीत. चौथी जिंकली. पाचव्या फेरीत तिच्या समोर एक शाळेतल्या बाई होत्या, शांत, अनुभवी, चष्मा कपाळावर सरकवून खेळणाऱ्या. मी दोरीच्या मागे उभी होते. डाव अडकला होता. जनीला एक चांगला शह होता, सगळ्यांना दिसत होता, मलाही. जनीने हात पुढे नेला आणि थांबवला. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिने एक साधं प्यादं एक घर सरकवलं, बाईंच्या घोड्याची परतीची वाट बंद केली, आणि बटण दाबलं. शह पुढच्या चालीला दिला. तेव्हा घोडा कुठेच जाऊ शकत नव्हता.

बाईंनी डाव सोडला आणि हात पुढे केला. जनीने आधी तो कशासाठी आहे ते बघितलं, मग दोन्ही हातांनी धरला.

मला ओरडायचं होतं, मामा. मी ओरडले नाही. आपल्या घराण्याचं नाव त्या बाबतीत आधीच पुरेसं झालंय.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलत होतं. जनीच्या हातात सहभागाचं प्रमाणपत्र होतं, चुरगळू नये म्हणून तिने ते पदराखाली धरलं होतं. रिक्षा स्टँडकडे चालताना तिने विचारलं, "आता पुन्हा कधी हाय?"

"पुढच्या महिन्यात. ठाण्याला."

तिने चालता चालता बोटांवर हिशोब केला. "भाताच्या लावनीच्या आधी का मागून?"

"आधी."

"मंग येते," ती म्हणाली, आणि माझ्या पुढे होऊन रिक्षाला हात केला.